जो पाठ पडते, तोच घ्या

"अबे रड! रड ना लेका! असं रडते काय भागाकाराले अडलेलं पोट्टं?"

गुरुजी माझ्या डोक्यावर उभे राहून ओरडत होते, आणि मी, दोन लेकरांचा बाप, मतदान केंद्रावर ज्याच्या सहीनं पेट्या सील होतात असा जबाबदार शिक्षक, वर्गाच्या फरशीवर मांडी घालून, शर्टाची बाही तोंडात कोंबून हमसून हमसून रडत होतो.

"हे तं मयतीतलं रडणं झालं!" गुरुजींनी कपाळावर हात मारला. "भागाकाराचं रडणं इतकं मोकळं नसते बाप्पा! ते आतल्या आत असते. नाकातून. मास्तरले दिसू नये पण बाजूच्या पोट्ट्याले दिसावं, असं. चाल, पुन्हा!"

मी पुन्हा रडलो. नाकातून. माझ्या उजव्या हाताला उर्दू शाळेतल्या शबाना बाजी बसल्या होत्या. त्या कोणत्याही प्रश्नाला "भूल गया सर" एवढंच म्हणत होत्या आणि म्हणताना वेणीचं टोक चघळत होत्या. डावीकडे गावंडे सर. अख्ख्या तालुक्यात त्यांच्यासारखा इस्त्रीचा माणूस नाही, पण ते दर दोन मिनिटांनी करंगळी वर करून, "गुरुजी, पाणी प्याले जाऊ?" असं किनऱ्या आवाजात विचारत होते. आणि मागे वानखडे मॅडम, ज्यांच्या नुसत्या नजरेनं शाळेच्या आवारात शिरलेल्या बकऱ्या रांग लावून बाहेर जात, त्या खडूचे तुकडे मोडून नेमके माझ्या कानावर मारत होत्या. नेम अचूक. इतका अचूक की मला शंका आली, ह्यात नाटक किती आणि जुना हिशेब किती.

हे सगळं ऐन रंगात असताना खिडकीत एक डोकं उगवलं. सरपंचांचं. डोक्यानं आधी मला पाहिलं, मग मॅडमना, मग गुरुजींच्या हातातली छडी. मग ते डोकं मावळलं.

"गेलं," शबाना बाजी वेणी तोंडातून काढत म्हणाल्या. "अब आयेगा साहब."

आणि साहेब आलेच. पण ते पुढे.

आधी गुरुजी सांगतो. बार्शीटाकळीहून आत गेलं की एक गाव लागतं, तिथल्या शाळेत ते शिकवायचे. त्यांचा आवाज असा, की त्यांनी तिकडे वर्गात "गप बसा" म्हटलं तर इकडे अकोल्याच्या स्टँडवर उभ्या असलेल्या एसट्या बंद पडत, अशी वदंता होती. मी स्वतः बंद पडलेली एकच पाहिली, आणि ती तशीही बंदच असायची. अंगात पांढरा शर्ट, खिशात खडू, आणि बुडाखाली एक लुना, जी चालायची कमी आणि गुरुजींच्या शिव्या ऐकायची जास्त. चढावर ते उतरून तिच्या बाजूनं चालत आणि तिला समजावत: "तुले येत नाही असं नाही. तू मन लावत नाही."

शिक्षकांना शिकवायला सरकार काही कमी करत नाही. आम्ही अकोल्याच्या हॉलमध्ये पंख्याखाली बसलो आहोत, पडद्यावर बाण इकडून तिकडे गेलेले पाहिले आहेत, चहा-बिस्किटं खाल्ली आहेत, आणि शेवटी मोबाइलवर लिंक उघडून "प्रशिक्षण अत्यंत उपयुक्त वाटले" ह्यावर बोटही ठेवलं आहे. एकदा तर मी ते बोट प्रशिक्षण सुरू व्हायच्या आधीच ठेवलं. कुणाचं काही बिघडलं नाही.

गुरुजींना हे पटेना. त्यांचं म्हणणं असं: "स्वयंपाकीण स्वयंपाकिणीले विचारते, माई, तुया वरणाले अशी चव काहून येते? शेतकरी शेताच्या धुऱ्यावर उभा राहून दुसऱ्याच्या कपाशीची पऱ्हाटी पायते. मास्तर मात्र वर्गाचं दार लावते आन् आतमधी एकटाच मरते." म्हणून त्यांनी शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर आजूबाजूच्या शाळांतल्या आम्हा चौघांना आपल्या वर्गात बोलावायला सुरुवात केली. बैठकीचे नियम त्यांनी स्वतःच केले, आणि ते उलट्या खोपडीचे होते.

पहिला नियम: जो पाठ आपल्याला छान जमतो तो इथं घ्यायचा नाही. जो पडतो, वर्गात दर वर्षी तोंडावर आपटतो, तोच घ्यायचा. "चांगला पाठ दाखवाले इथं काय पोरगी पाहाले आले का?"

दुसरा नियम: बाकीच्यांनी खाली बसायचं, आणि नुसतं बसायचं नाही. आपल्या वर्गातलं जे लेकरू आपल्याला अजिबात समजत नाही, ते होऊन बसायचं. पाठ संपेपर्यंत ते सोडायचं नाही. कुणी मध्येच मोठ्या माणसासारखं बोललं की गुरुजी ओरडत, "ए! तू सातवीत नाहीस! तू चौथीत आहेस! नाक पूस!"

आणि तिसरा नियम म्हणजे "समजलं का?" हा प्रश्न जगातून रद्द. तो विचारेल त्यानं कान धरून खिडकीपाशी उभं राहायचं. "पोट्टे 'हो' म्हणतात ते समजलं म्हणून नाही," गुरुजी म्हणत, "ते मास्तरची दया येते म्हणून." त्यांनी एकदा हा नियम अमरावतीच्या एका दवाखान्यात लावला. डॉक्टरांनी गोळ्या कशा घ्यायच्या ते सांगून "समजलं का आजोबा?" म्हणताच गुरुजींनी त्यांना खिडकी दाखवली. डॉक्टर गेलेही म्हणे खिडकीपर्यंत. आवाजच तसा.

हा माणूस रजा काढून दुसऱ्यांच्या वर्गात जाऊन बसायचा, हे सांगितलं तर लोक मला खोटारडा म्हणतात. पण खरं आहे. लोक किरकोळ रजेत लग्नाला जातात. गुरुजी एकदा एसटीनं अचलपूरला गेले, कारण तिथल्या एका बाई नकाशा फार चांगला शिकवतात असं त्यांनी बसमध्येच कुणाकडून ऐकलं होतं. शाळेच्या शिपायाला वाटलं कुणी आजोबा नातवाचा दाखला काढायला आले. त्यानं त्यांना बाकावर बसवलं. गुरुजी बाकावरून उठले आणि थेट पाचवीच्या मागच्या रांगेत जाऊन बसले. मधली सुट्टी होईपर्यंत बाईंच्या लक्षात आलं नाही. लक्षात आलं ते हजेरी घेताना नव्हे, तर गुरुजींनी हात वर करून "बाई, नकाशात उत्तर दिशा नेहमी वरतंच काहून असते?" असं विचारलं तेव्हा. बाईंना उत्तर देता आलं नाही. गुरुजी खूश! "मले बी येत नाही," म्हणाले, आणि त्याच बाईंच्या डब्यातली भाजी खाऊन संध्याकाळच्या एसटीनं परत आले.

पुतण्याच्या लग्नात तर त्यांनी भटजींना थांबवून ठेवलं होतं. एका मंत्राचा अर्थ विचारला. भटजी म्हणाले, नंतर सांगतो. गुरुजी म्हणाले, "नंतर पोट्टे विसरतात." मुहूर्त टळतो की काय अशी वेळ आली. नवरी अंतरपाटाच्या पलीकडून म्हणाली, "काकाजी, मी सांगते ना घरी गेल्यावर." तेव्हा कुठे लग्न लागलं. त्या सुनेवर गुरुजींचा फार जीव. "पोरगी शिकवू शकते," म्हणायचे.

आता तुम्ही म्हणाल, हा सगळा पोरखेळ. गावंडे सरही तसंच म्हणायचे. ते यायचे ते केवळ गुरुजी घरी येऊन ओरडतील आणि शेजारीपाजारी जमतील ह्या भीतीनं. त्यांच्या वर्गात एक मुलगी होती, सारखी पाणी प्यायला जायची. सरांच्या मते ती आळशी. एका शनिवारी गुरुजींनी बैठक मुद्दाम गावंड्यांच्याच वर्गात भरवली आणि सरांना त्या मुलीच्या जागेवर बसवलं. सर करंगळी वर करून पाच मिनिटं बसले आणि अचानक मान वाकडी करून पाहू लागले. मग मुलीच्या आवाजात नाही, स्वतःच्या आवाजात म्हणाले, "अरे, इथून फळाच नाही दिसत!" खरंच दिसत नव्हता. दाराच्या उजेडानं फळ्यावर अशी चकाकी यायची की त्या जागेवरून एकच गोष्ट स्वच्छ दिसे: व्हरांड्यातला पाण्याचा माठ. सोमवारी सरांनी मुलीची जागा बदलली. तिची तहान त्या दिवसापासून भागली. सरांनी पुढे कधी बैठक चुकवली नाही, पण पोरखेळ म्हणणंही सोडलं नाही. इस्त्री मोडायला नको म्हणून.

तर ह्या बैठकीची तक्रार झाली. सरपंचांनी वरती कळवलं की शनिवारी दुपारी शाळेत मास्तर लोक रडतात, बाया खडू फेकतात, आणि म्हातारा मास्तर छडी घेऊन उभा असतो. हे शिक्षण आहे की भुताचा उतारा? वरून निरोप आला: शिक्षण खात्याचे साहेब येऊन बैठक पाहतील. साहेबांना ठीक वाटलं तर चालू, नाहीतर त्याच दिवशी बंद, आणि शाळेची किल्ली शनिवारी बारानंतर कुणाला मिळणार नाही.

किल्लीचं ऐकून गुरुजी पहिल्यांदा हळू आवाजात बोलले. ते ऐकून आम्ही जास्त घाबरलो.

वानखडे मॅडमनी सूत्रं हातात घेतली. "हे पाहा गुरुजी, एक दिवस शहाण्यासारखं वागू. गावंडे सर पावसाच्या चक्राचा पाठ घेतील. चार्ट आहे, रंगीत पाणी आहे, वाफ वर जाते, खाली येते. आमी नीट खुर्च्यांवर बसू. कोणी रडणार नाही." शेवटचं वाक्य माझ्याकडे पाहून.

"आणि जेवणाले रोडगे," मी म्हणालो. आमच्या वऱ्हाडात साहेब येणार म्हटलं की फाइल सापडो न सापडो, गोवऱ्या आधी पेटतात. रोडगे, म्हणजे गोवऱ्यांच्या विस्तवात भाजलेले कणकेचे जाड गोळे, वांग्याची भाजी, वरून तुपाची धार. भल्याभल्यांचे शेरे त्या धारेत विरघळले आहेत.

गुरुजी म्हणाले, "करा बाप्पा तुमच्या मनानं." इतक्या सहज म्हणाले की आम्ही सावध व्हायला हवं होतं.

साहेब आले. मूळ अमरावतीचे, आधी अख्खा एक जिल्हा सांभाळून आलेले, गॉगल शर्टाला अडकवलेला. मागच्या खुर्चीवर बसले. गावंडे सरांनी चार्ट सोडला, पहिली वाफ वर गेली. ढग तयार झाला. सरांची वाणी म्हणजे रेडिओ. साहेबांची मान आनंदानं हलू लागली. पाऊस आता पडणार तेवढ्यात गुरुजी उठले.

"गावंड्या, हा पाठ तुले येते?"

"येते ना जी," सर गोंधळून म्हणाले.

"मंग इथं काहून घेऊन राहिला? बस खाली!"

वानखडे मॅडमनी डोळे मिटले. गुरुजींनी चार्टची सुरळी केली, खिशातला खडू काढला आणि म्हणाले, "साहेब, माया पडणारा पाठ अपूर्णांकाचा भागाकार. सहावीले दर साली घेतो आन् दर साली पडतो. पोट्टे उत्तर बरोबर काढतात, पण तोंडं अशी करतात जशी एरंडेल प्याले. चला, खुर्च्या बाजूले. सारे खाली. साहेब, तुमी बी."

"मी?" साहेब म्हणाले.

"इथं खुर्चीवर लेकरं बसत नाहीत."

आवाज पुन्हा मूळ पट्टीवर आला होता. साहेब कसे खाली बसले ते त्यांनाही कळलं नसावं. आम्ही आपापली लेकरं झालो. दुसरं करणार काय? मरायचंच तर नियमानं मरू. शबाना बाजींनी वेणी तोंडात घातली. माझं नाक आपोआप वाहू लागलं. गुरुजींनी फळ्यावर लिहिलं, साडेतीन भागिले अर्धा, आणि छडी सरळ साहेबांकडे केली.

"तू सांग."

बाहेर रोडग्यांखालची गोवरी चटकली.

"पावणेदोन," साहेब म्हणाले.

आम्ही चौघांनी एकमेकांकडे पाहिलं. वा! काय माणूस! पहिल्याच फटक्यात आमच्या वर्गातलं अस्सल लेकरू उभं केलं! साहेब नियम वाचून आले होते तर! वानखडे मॅडमनी कौतुकानं त्यांच्याही कानावर खडू मारला.

"पावणेदोन नाही," गुरुजी म्हणाले. "खालचा अपूर्णांक उलटा कर आन् गुण. सात."

"सात कसे?" साहेब गुडघ्यावर आले. "अर्ध्यानं भागायचं म्हणजे निम्मं करायचं. साडेतीनचं निम्मं पावणेदोन. भागल्यावर कमी होतं. सात म्हणजे वाढलं की! भागून कधी वाढतं का?"

"क्या बात है!" शबाना बाजी माझ्या कानात पुटपुटल्या. "मेरे क्लास का सलीम हूबहू ऐसेच अडता."

"नियम आहे. उलटा कर, गुण," गुरुजी म्हणाले, पण आवाज थोडा उतरला.

"पण का उलटा करायचा?"

गुरुजींनी फळ्याकडे पाहिलं. मग खडूकडे. मग फळ्यावर एक बरोबरचं चिन्ह काढलं, ते पुसलं, पुन्हा काढलं. आम्हाला ते नेहमीचंच वाटलं. म्हाताऱ्याला सगळं येतं, फक्त सांगता येत नाही, म्हणून तर पडणारा पाठ. पण साहेब पेटले होते. "सांगा ना! वाढतं कसं?" त्यांच्या शर्टाचं वरचं बटण सुटलं, गॉगल फरशीवर पडला. मला दिसत होतं की किल्ली चालली. हा प्रश्न असाच लोंबकळत राहिला, तर साहेब उठणार, खुर्चीवर बसणार, पुन्हा साहेब होणार आणि बैठक संपणार.

गुरुजी ताडकन वळले आणि वर्गाबाहेर गेले. पळाले, असंच आम्हाला वाटलं. पण ते गेले होते गोवऱ्यांपाशी. परात घेऊन आले. परातीत साडेतीन रोडगे. अर्धा कसा झाला ते त्यांच्या मिशीवरच्या तुपानं सांगितलं.

"हे घ्या. एकेकाले अर्धा वाढा. पाहू किती जणांले पुरते."

साहेब वाढायला उठले. रोडगे विस्तवासारखे तापलेले. "हाय हाय" करत, फुंकर मारत मोडत होते. अर्धा वानखडे मॅडमना, अर्धा शबाना बाजींना, अर्धा गावंडे सरांना, अर्धा मला. एक अर्धा गुरुजींना, एक स्वतःला. परातीत एक अर्धा उरला. साहेबांनी इकडेतिकडे पाहिलं. खिडकीत सरपंच उभे होते, बैठक बंद होताना पाहायला आलेले. साहेबांनी गजांतून त्यांच्या हातावर तो ठेवला. सरपंच चटका बसून नाचले, पण सोडला नाही. रोडगा होता तो.

साहेबांनी बोटानं मोजलं. खिडकीपर्यंत. "सात," ते म्हणाले. आणि मग पुन्हा, वेगळ्या आवाजात, "अरे! सात पुरले!"

"रोडगे वाढले नाहीत!" गुरुजी किंचाळले. परात त्यांच्या हातून सुटली आणि असा आवाज झाला की गावातली कुत्री भुंकू लागली. "रोडगे वाढलेच नाहीत बाप्पा! आपण जेवणारे मोजून राहिलो! एका रोडग्यात दोघं जेवतात! म्हणून दोननं गुणाचं! म्हणून उलटा!" त्यांनी गावंडे सरांना मिठी मारली. सरांच्या इस्त्रीवर तुपाचे दोन पंजे उमटले. "अबे, म्हणून उलटा!"

आम्ही टाळ्या वाजवल्या. शबाना बाजींनी शिटी मारली. त्यांना शिटी येते हे आम्हाला तोवर माहीत नव्हतं. आणि आम्ही सगळे साहेबांकडे वळलो. "काय काम केलं साहेब! काय पोरगं उभं केलं! आम्हाले वाटलं खरंच येत नाही!"

साहेबांनी गॉगल उचलला. पुसला. शर्टाचं बटण लावलं. चेहऱ्यावर हळूहळू साहेब परत आला.

"हं," ते म्हणाले. "आहे असा एक विद्यार्थी. माझ्या पाहण्यात."

मग ते खुर्चीवर बसले, उरलेले रोडगे आणि वांग्याची भाजी खाल्ली, आणि हात धुता धुता सरपंचांना म्हणाले की हा उपक्रम चालू राहू द्या, किल्ली शनिवारी गुरुजींकडेच असेल. सरपंचांच्या तोंडात तूप होतं. ते नाही कसं म्हणणार?

साहेबांची गाडी धूळ उडवत गेली. वानखडे मॅडम परात घासत होत्या, गावंडे सर शर्टावरचे पंजे बघून हळहळत होते. मी गुरुजींच्या मागे गेलो. ते लुनाला पायडल मारत होते.

"गुरुजी, खरं सांगा. साहेब नाटक करून राहिले होते, की त्यांले खरंच येत नव्हतं?"

गुरुजींनी लुनाचं हँडल सरळ केलं.

"मले तरी कुठं येत होतं," ते म्हणाले.